फुलटेक्स्ट इंडेक्स केलाय, पण क्वेरी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचा मोठा साठा आहे. त्याची सूची संगणकावर आणायचं काम गेली तीन वर्षं हौसेखातर चाललंय. दोन निवृत्त शिक्षक आणि ग्रंथपाल बाई नोंदी टंकतात, मी रात्री नोकरीवरून आल्यावर डेटाबेस आणि शोधाचं पान बघतो. आता सव्वादोन लाखांच्या आसपास नोंदी झाल्यात. प्रत्येक नोंदीत शीर्षक, लेखक, अंक, वर्ष आणि चार-पाच ओळींचा सारांश.

डेटाबेस मायएसक्यूएल ८, टेबल साठवायचं इंजिन इनोडीबी. शोधाची क्वेरी अशी आहे. इथे रोमन लिपी टाकली की संपादक कात्री लावतात, म्हणून देवनागरीतच लिहितो, गोड मानून घ्या:

सिलेक्ट * फ्रॉम लेख व्हेअर शीर्षक लाईक '%विहीर%' ऑर सारांश लाईक '%विहीर%'

(% म्हणजे तिथे काहीही चालेल.) साडेचार-पाच सेकंद लागतात. बाई म्हणतात, "तेवढ्यात मी कपाटातून अंक काढून आणते." खरंच आणतात हो.

म्हणून परवा शीर्षक आणि सारांश या दोन कॉलमवर मिळून एक फुलटेक्स्ट इंडेक्स बनवला. बनायला बराच वेळ लागला, डिस्कवर जागाही घेतली. पण क्वेरीला तेवढाच वेळ. क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्सप्लेन लावलं तर टाईपच्या खाली 'ऑल', म्हणजे सगळं टेबल चाळतंय. फोर्स इंडेक्स लावून सक्ती करून पाहिली, तरी तेच. इंडेक्स खराब झालाय का? परत बनवू?

---

जुनाट_डीबीए | रविवार, रात्री ११:५२

परत बनवू नका. इंडेक्स धडधाकट आहे, तुम्ही त्याला त्याच्या भाषेत विचारलंच नाहीत.

मायएसक्यूएलमध्ये लाईक कधीही फुलटेक्स्ट इंडेक्स वापरत नाही. फोर्स करा, हातापाया पडा, नाही म्हणजे नाही. कारण दोघांचे प्रश्न वेगळे. साधा इंडेक्स शब्दकोशासारखा असतो. 'वि'ने सुरू होणारे शब्द एका जागी सापडतात, म्हणून लाईक 'विहीर%' त्याला चालतं. पण "ज्यांच्या पोटात कुठेही 'हीर' आहे ते सगळे काढा" म्हटलं तर अख्खा कोश चाळावा लागतो. टक्का पुढे आला की साधा इंडेक्स गेला.

फुलटेक्स्ट म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते ती शब्दसूची. विहीर: १२, ४७, २०३. त्यात अख्खे शब्द आहेत, शब्दांचे तुकडे नाहीत. ती उघडायची किल्ली एकच:

व्हेअर मॅच(शीर्षक, सारांश) अगेन्स्ट('विहीर')

हे लिहा आणि एक्सप्लेन बघा. टाईपखाली 'फुलटेक्स्ट' असा शब्द दिसला पाहिजे. आणि तिथेच 'रोज', म्हणजे ओळींची संख्या, या कॉलमात १ दिसेल, त्यावर विश्वास ठेवू नका. फुलटेक्स्टसाठी ऑप्टिमायझर अंदाज म्हणून १ ठेवून देतो, प्रत्यक्षात दहा हजार ओळी निघाल्या तरी.

---

भाकरवडी | रविवार, रात्री ११:५८

पाच सेकंदात अंक काढून आणणाऱ्या बाईंना आमचा दंडवत. आमच्या ग्रंथालयात अंक मागितला की "पुढच्या शनिवारी या."

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री १२:३१

डीबीएसाहेब, चाललं! ०.०३ सेकंद. आता झोप येणार नाही.

पण लगेच दुसरं. लोकांना फक्त शीर्षकात शोधायची सोय द्यायची होती म्हणून मॅच(शीर्षक) अगेन्स्ट('विहीर') लिहिलं, तर त्रुटी ११९१. कॉलमच्या यादीशी जुळणारा फुलटेक्स्ट इंडेक्स सापडत नाही म्हणे. शीर्षक तर आहे ना त्या इंडेक्समध्ये?

---

जुनाट_डीबीए | सोमवार, सकाळी ७:१०

आहे, पण एकटं नाही. मॅचच्या कंसात जेवढे कॉलम लिहाल, बरोबर तेवढ्याच कॉलमांचा फुलटेक्स्ट इंडेक्स लागतो. एक कमी नाही, एक जास्त नाही. साध्या इंडेक्सची 'डावीकडचा पहिला कॉलम पुरतो' ही सवय इथे विसरायची. शीर्षकावर वेगळा, लेखकावर वेगळा, दोन्हींवर मिळून वेगळा असे तीन हवे असतील तर तीन बनवा.

मायआयसॅम या जुन्या इंजिनात एक पळवाट होती. बूलियन मोडमध्ये (+, -, * अशी चिन्हं चालतात तो प्रकार) इंडेक्स नसला तरी मॅच चालायचं, फक्त गोगलगायीच्या चालीने. त्यामुळे २०१३ साली मायएसक्यूएलची ५.६ आवृत्ती आल्यावर ज्यांनी जुनी टेबलं इनोडीबीवर नेली, त्यांच्या 'चालणाऱ्या' क्वेऱ्या अचानक ११९१ फेकायला लागल्या. इनोडीबीला फुलटेक्स्ट ५.६ पासूनच आलं, त्याआधी मायआयसॅमशिवाय गत्यंतर नव्हतं. तेव्हाची एक रात्र मला चांगली आठवते, पण ते असो.

---

हत्तीवाला | सोमवार, सकाळी ९:४०

मायएसक्यूएल सोडा, हत्तीचं चिन्ह असलेला पोस्टग्रेस डेटाबेस वापरा, सुखी व्हा.

---

भाकरवडी | सोमवार, सकाळी ९:४३

आले! मी म्हटलंच होतं, दुपारच्या आत येणार.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०:१५

शीर्षकाचा वेगळा इंडेक्स केला, ती भानगड मिटली. आता खरी क्वेरी देतो. शोधाची पेटी एकच आहे, लोक त्यातच विषयही टाकतात आणि लेखकाचं नावही. म्हणून:

व्हेअर मॅच(शीर्षक, सारांश) अगेन्स्ट('विहीर') ऑर लेखक लाईक 'विहीर%'

लेखकावर साधा इंडेक्स आहे, टक्का मागे आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना इंडेक्स आहे. तरी पुन्हा 'ऑल' आणि पुन्हा चार सेकंद. आता मात्र डोकं चालेना.

---

जुनाट_डीबीए | सोमवार, रात्री १०:४०

यात भले भले अडकतात. दोन साधे इंडेक्स असतील तर मायएसक्यूएल कधीकधी दोन्हींचे निकाल काढून एकत्र करतो, त्याला इंडेक्स मर्ज म्हणतात. पण इंडेक्स मर्ज फुलटेक्स्टला लागू नाही, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. मग 'ऑर'च्या एका अंगाला फुलटेक्स्ट आणि दुसऱ्या अंगाला काही वेगळं असलं की त्याच्यापुढे एकच रस्ता उरतो: ओळ न् ओळ तपासणे.

उपाय जुनाच. दोन क्वेऱ्या वेगळ्या करा, मध्ये युनियन घाला. पहिली मॅचची, दुसरी लेखकाची. प्रत्येकीला आपापला इंडेक्स मिळतो, आणि युनियन दुहेरी ओळी काढून टाकतं. नुसतं युनियन लिहा. युनियन ऑल लिहिलंत तर विहीर आडनावाच्या लेखकाने विहिरीवर लिहिलेला लेख दोनदा येईल.

'अँड'ला एवढा त्रास नाही. 'अँड वर्ष = १९७४' म्हटलं तर फुलटेक्स्टने निघालेल्या ओळींतून वर्ष गाळलं जातं. फक्त शब्द फार सामान्य असला तर गाळायच्या ओळीही फार. 'कथा' असा शब्द शोधून वर्ष लावलंत तर हेच होईल.

---

हत्तीवाला | सोमवार, रात्री ११:०५

हेच सांगतोय. पोस्टग्रेसला ही युनियनची कसरत लागत नाही. जिन इंडेक्स (शब्दसूचीचा प्रकार) असो की बी-ट्री (साधा इंडेक्स), दोन्हींचे बिटमॅप, म्हणजे जुळलेल्या ओळींच्या खुणा, काढून त्यांचा 'ऑर' होतो. एक्सप्लेनमध्ये 'बिटमॅप ऑर' असं सरळ दिसतं. ओलेग बार्तुनोव्ह आणि तेओदोर सिगाएव्ह या जोडीने हे शोधाचं काम आधी बाहेरून जोडायच्या मॉड्यूलमध्ये केलं, २००८ साली पोस्टग्रेसच्या ८.३ आवृत्तीत ते मूळ डेटाबेसातच आलं.

---

सातारी_कंदी | सोमवार, रात्री ११:३०

हत्तीवाले, तुमच्या हत्तीचे नखरेही सांगा की. मी महिनाभरापूर्वी टीएस-व्हेक्टरवर (मजकुरातून काढलेल्या शब्दांची यादी) जिन इंडेक्स केला आणि तासभर सेक्वेन्शियल स्कॅनच, म्हणजे अख्खं टेबल चाळणंच, बघत बसले होते. इंडेक्स to... थांबा, देवनागरी. इंडेक्स टू-टीएसव्हेक्टर('सिंपल', मजकूर) वर होता, आणि क्वेरीत मी सवयीने टू-टीएसव्हेक्टर(मजकूर) @@ ... एवढंच लिहिलं होतं. 'सिंपल' हे कॉन्फिगरेशनचं, म्हणजे शब्द कसे काढायचे त्या नियमांचं, नाव गाळलं. बस, इंडेक्स गेला.

---

हत्तीवाला | सोमवार, रात्री ११:४४

मान्य, ताई. पण त्यात तर्क आहे. कंसात नुसता मजकूर दिलेलं रूप सर्व्हरच्या डीफॉल्ट कॉन्फिगरेशनवर अवलंबून असतं. ते उद्या कुणी बदललं तर त्याच मजकुराचे वेगळे शब्द निघतील. म्हणून त्या रूपावर इंडेक्स बनवूच देत नाहीत, आणि क्वेरीतही इंडेक्समधलंच एक्स्प्रेशन जसंच्या तसं लिहावं लागतं. 'सिंपल'ऐवजी 'इंग्लिश' लिहिलं तरी नाही.

त्यापेक्षा आवृत्ती १२ पासून जनरेटेड, म्हणजे आपोआप भरणारे, कॉलम आहेत, तो टीएस-व्हेक्टरचा बनवा, त्यावर जिन लावा, क्वेरीत कॉलमचं नाव घ्या. लिहिताना चुकायची सोयच राहत नाही.

मराठीसाठी 'सिंपल'च ठेवा. आवृत्ती १४ मध्ये हिंदीचा स्टेमर (प्रत्यय छाटून मूळ शब्द काढणारा) आला, मराठीचा नाही. आणि हिंदीचा मराठीला लावू नका. मी लावून पाहिलंय, प्रत्यय आपले आणि कात्री त्यांची.

---

नवशिका_२१ | मंगळवार, दुपारी १:१५

धागा वाचून मीही पोस्टग्रेसवर करून पाहिलं. सगळं वर सांगितल्याप्रमाणे, तरी सेक्वेन्शियल स्कॅन. टेबलात चाचणीच्या १५० ओळी आहेत.

---

हत्तीवाला | मंगळवार, दुपारी १:२२

१५० ओळी चार-दोन पानांत मावतात. शब्दसूची उघडून मग पान शोधण्यापेक्षा चार पानं वाचून काढणं स्वस्त, एवढं प्लॅनरला कळतं. लाखभर ओळी भरा, टेबलाची आकडेवारी ताजी करणारं अनालाईज चालवा, मग बघा. तसंच शब्द जवळजवळ प्रत्येक ओळीत असेल तरी तो इंडेक्स सोडून देईल, आणि बरोबरच करेल.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:५०

युनियन लावलं. एकूण ०.०५ सेकंद. आज वाचनालयात पान सुरू केलं, आणि तासाभरात बाईंचा फोन. निवृत्त गुरुजींनी 'ऊस' शोधलं आणि शून्य निकाल. "पश्चिम महाराष्ट्रातले पन्नास वर्षांचे दिवाळी अंक आणि त्यात ऊस नाही?" असं म्हणाले म्हणे. जुन्या लाईकने शेकड्यांनी येत होते. 'घर' शोधलं, शून्य. 'पाणी' मात्र येतं. 'शेत' येतं. कुणी करणी केली की काय?

---

जुनाट_डीबीए | मंगळवार, रात्री ११:२०

करणी नाही, मोजणी. इनोडीबी तीन अक्षरांपेक्षा छोटा शब्द सूचीत घेतच नाही. इनोडीबी-एफटी-मिन-टोकन-साईज ही सेटिंग, डीफॉल्ट ३. मायआयसॅमची वेगळी होती, ती ४. आणि अक्षर म्हणजे आपलं अक्षर नव्हे, युनिकोडचा एकेक संकेतांक. 'पाणी'त चार: प, काना, ण, वेलांटी. 'शेत'मध्ये तीन: श, मात्रा, त. 'ऊस'मध्ये दोनच, कारण ऊ हा एकच स्वर आहे. 'घर', 'मन', 'जग', 'वन' सगळे दोन. म्हणजे बिनकाना-मात्रेचे दोन अक्षरी शब्द, जे आपल्या भाषेत ढिगाने आहेत, ते तुमच्या सूचीत आलेच नाहीत. इंडेक्स वापरला जातोय, पण त्यात तो शब्दच नाही.

सेटिंग २ करा किंवा १. नुसती बदलून चालणार नाही. सर्व्हर पुन्हा सुरू करा, फुलटेक्स्ट इंडेक्स काढा, पुन्हा बनवा. आधीच्या सूचीत जे नव्हतं ते आपोआप येणार नाही.

हाताशी असताना स्टॉपवर्डही, म्हणजे सूचीतून वगळायचे शब्दही, बघा. इनोडीबीची मूळ यादी ३६ शब्दांची आहे, सगळे परदेशी. 'आणि', 'आहे', 'होते' त्यात नाहीत, त्यामुळे ते सूचीत भरले जातात. स्वतःचं स्टॉपवर्ड टेबल देता येतं. मात्र यादी तयार करताना गुरुजींना दाखवा. एकदा एका मित्राने 'नाही' हा शब्द यादीत टाकला होता, आणि मग लोक 'नाही रे वर्ग' शोधायला लागले.

---

सातारी_कंदी | मंगळवार, रात्री ११:४१

रात्रपाळी, शब्द कसे तुटले हे अंदाजाने ठरवू नका. इनोडीबी-एफटी-ऑक्स-टेबलला तुमच्या टेबलाचं नाव द्या आणि इन्फर्मेशन स्कीमातलं इनोडीबी-एफटी-इंडेक्स-टेबल वाचा. सूचीतले शब्द डोळ्यांना दिसतात. नुकत्याच घातलेल्या नोंदी आधी कॅशमध्ये असतात, त्यांच्यासाठी शेजारचं कॅशचं टेबल आहे. माझे निम्मे प्रश्न तिथेच सुटले होते.

---

गोंयकार | बुधवार, सकाळी ८:०५

ऊस गायब झाला हे ठीकच म्हणायचं. आमच्याकडे पाणी शोधलं की पुणे मिळत होतं.

थट्टा नव्हे. पणजीत बसून एका मराठी मोबाईल ॲपचं काम करत होतो, फोनवरच एसक्यूलाईट हा छोटा डेटाबेस, त्यात एफटीएस५ हे त्याचं फुलटेक्स्ट शोधाचं मॉड्यूल. मॅच अगदी नीट लिहिलेला, इंडेक्स वापरला जात होता, वेग झकास. आणि 'पाणी' टाकलं की पुण्याच्या सगळ्या नोंदी समोर.

दोन दिवस गेले. कारण असं: एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा), युनिकोड६१, फक्त युनिकोडच्या वर्गवारीतली अक्षरं आणि अंक शब्दात धरतो, बाकी सगळं त्याला मोकळी जागा. आपले काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, हलन्त हे वर्गवारीत 'अक्षर' नाहीत, 'चिन्ह' आहेत. त्यामुळे त्याच्या लेखी 'पाणी' म्हणजे प, मग फट, मग ण, मग फट. 'पुणे' म्हणजेही प, फट, ण, फट. शोधताना तो 'प च्या लगेच पुढे ण' असा वाक्प्रयोग शोधतो, आणि दोन्ही जुळतात. पुणेकरांना सांगितलं तर म्हणतील, पुण्यात पाणी आहेच.

उपाय एका ओळीचा. टेबल बनवताना टोकनायझरला कॅटेगरीज म्हणून 'एल* एन* सीओ' या मूळ यादीत 'एम*' जोडायचं, मग चिन्हंही शब्दातच राहतात. टेबल अर्थात नव्याने भरावं लागलं.

आणि एसक्यूलाईटमध्ये आवृत्ती ३.३४ पासून ट्रायग्रॅम, म्हणजे तीन-तीन संकेतांकांचे तुकडे करणारा, टोकनायझर आहे. तो लावला तर चक्क लाईक '%...%' सुद्धा फुलटेक्स्ट इंडेक्स वापरतं. पण तीन संकेतांकांपेक्षा छोटा शब्द तिथेही उपाशीच. ऊस तिथेही नाही.

---

हत्तीवाला | बुधवार, सकाळी ९:३०

ट्रायग्रॅमवरून आठवलं. पोस्टग्रेसमध्ये पीजी-टीआरजीएम हे एक्स्टेन्शन घातलं की आवृत्ती ९.१ पासून लाईक '%तोड%' ला जिन इंडेक्स लागतो. 'ऊसतोड'च्या पोटातलं 'तोड' शब्दसूचीला कधीच सापडणार नाही, तिथे हे उपयोगी. पण गोंयकार म्हणतात तेच इथेही. नमुन्यातून एकही तीनचा तुकडा निघाला नाही तर अख्खा इंडेक्स चाळला जातो, म्हणजे नसल्यात जमा. देवनागरीचे तुकडे कसे पडतात ते शो-टीआरजीएम या फंक्शनने आधी बघून घ्या.

---

मोठ्ठा_विचार | बुधवार, सकाळी ११:००

एवढ्या कटकटीपेक्षा सरळ इलॅस्टिकसर्च हे शोधासाठीचं वेगळं सॉफ्टवेअर लावा ना. २०२६ मध्ये डेटाबेसात कोण शोधतं?

---

जुनाट_डीबीए | बुधवार, सकाळी ११:०४

सव्वादोन लाख ओळी, एक गरीब सर्व्हर, सांभाळणारा माणूस रात्री साडेदहानंतर उपलब्ध. त्यात अजून एक सर्व्हर, दोन्हींतला डेटा जुळवायची जबाबदारी, आणि 'ऊस' तिथेही तुमच्या टोकनायझरच्या मर्जीवर. मुंगी मारायला तोफ कशाला?

---

मोठ्ठा_विचार | बुधवार, सकाळी ११:२०

बरं बाबा, राहिलं.

---

नवशिका_२१ | बुधवार, संध्याकाळी ६:४५

मायएसक्यूएलचा एक प्रश्न. माझ्याकडे विषयांचं वेगळं टेबल आहे. प्रत्येक विषयात किती लेख ते काढायला जोडणी केली: मॅच(ल.सारांश) अगेन्स्ट(व.शब्द). त्रुटी १२१०, अगेन्स्टचे आर्ग्युमेंट चुकीचे.

---

जुनाट_डीबीए | बुधवार, संध्याकाळी ७:३०

अगेन्स्टच्या कंसात क्वेरी चालू असताना न बदलणारी किंमत लागते. दर ओळीला बदलणारा कॉलम चालत नाही. प्रोग्रॅममध्ये विषयांवर फेरी मारा, एकेका शब्दाची क्वेरी टाका. कंटाळवाणं आहे, पण इंडेक्स वापरला जातो.

आणखी दोन खाचखळगे आत्ताच सांगून ठेवतो. एक, इनोडीबीचं फुलटेक्स्ट फक्त कमिट, म्हणजे पक्का, झालेला डेटा बघतं. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ओळ घालून लगेच मॅच केलंत तर स्वतःचीच ओळ दिसत नाही. चाचण्या लिहिणारे यावर तासन् तास घालवतात. दोन, बूलियन मोडमध्ये नुसतं '-ऊस' लिहून 'ऊस नसलेले सगळे' मिळत नाहीत, रिकामा निकाल येतो. वजा करायला आधी काहीतरी अधिक हवं.

---

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११:५५

टोकन साईज २ केली, इंडेक्स पुन्हा बनवला. ऊस उगवला.

पण फार थोडा. लाईकच्या वेळी जेवढे येत होते त्याच्या निम्मेही नाहीत, असं गुरुजींचं म्हणणं. तपासलं. खरं आहे. बाकीचे 'उसाचा', 'उसाला', 'उसाच्या फडात' असे आहेत. जुन्या पानावर गुरुजी 'उसा' असा अर्धा शब्द टाकून शोधायचे हे आज कळलं. विहिरीचंही तेच: 'विहीर' सापडते, 'विहिरीत' नाही.

---

सातारी_कंदी | शुक्रवार, सकाळी ७:५०

आता आलात खऱ्या मुद्द्यावर. हा दोष डेटाबेसचा नाही, आपल्या सामान्यरूपाचा आहे. सूचीत 'उसाला' हा वेगळा शब्द, 'ऊस' हा वेगळा. डेटाबेसला त्यांचं नातं ठाऊक नाही.

बूलियन मोडमध्ये शब्दाच्या शेवटी * लावता येतं, म्हणजे 'घर*' म्हटलं की घरात, घराला, घरचे सगळे येतात आणि इंडेक्सही वापरला जातो. पुढे * लावता येत नाही, कोशाचाच नियम. * लावलेला शब्द छोटा असला तरी गाळला जात नाही, तीही सोय आहे.

पण मराठी तिथेही पाय ओढते. 'विहीर*' ने 'विहिरीत' मिळणार नाही, कारण प्रत्यय लागला की उपान्त्य दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो. 'फूल*' ने 'फुलांचा' नाही. 'कापूस*' ने 'कापसाला' नाही, तिथे तर ऊकारच गळतो. आणि 'ऊस*' ने ऊसतोड मिळेल, 'उसाचा' नाही, पहिलं अक्षरच बदलतं.

शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला झोपलेल्यांना हा इंडेक्स कधीच माफ करणार नाही.

---

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १:३०

म्हणून '(ऊस* उस*)' केलं. निकालात मटकीची उसळ, उसनवारी, आणि "दोन क्षणांची उसंत".

---

भाकरवडी | शुक्रवार, दुपारी १:३६

गुरुजींना म्हणावं जेवायला बसा.

---

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १:५०

मग '(ऊस* उसा*)' केलं. उसळ गेली. आता 'उसासा'. दिवाळी अंकांतल्या कवितांमध्ये किती उसासे आहेत याची तुम्हाला कल्पना नाही.

---

सातारी_कंदी | शुक्रवार, दुपारी २:१५

उसासे वजा करा: '+(ऊस* उसा*) -उसास*'. फक्त ज्या कवितेत ऊसही आहे आणि उसासाही, ती जाईल. ऊसतोड कामगारांवरच्या कवितांत दोन्ही असण्याची शक्यता भरपूर, तेव्हा मी असते तर उसासे राहू दिले असते.

नेहमीच्या शब्दांसाठी एक छोटं टेबल करा: शोधलेला शब्द आणि त्याची सामान्यरूपं. विहीर, विहिरी. कापूस, कापसा. शोधाच्या आधी प्रोग्रॅमने तिथून रूपं उचलायची आणि * लावून बूलियन क्वेरी बांधायची. दोन-तीनशे शब्दांत तुमच्या वाचनालयाचे बहुतेक शोध भागतील. यादी गुरुजींकडून करून घ्या, ते आनंदाने करतील.

---

नवशिका_२१ | शुक्रवार, दुपारी ३:००

मायएसक्यूएलचा एनग्रॅम पार्सर का नाही वापरत? आवृत्ती ५.७ पासून आहे. दोन-दोन अक्षरांचे तुकडे करतो, मग प्रत्ययाचा प्रश्नच नाही.

---

जुनाट_डीबीए | शुक्रवार, दुपारी ४:१०

मुळात चिनी, जपानी, कोरियन लिप्यांसाठी बनवलाय, जिथे शब्दांमध्ये फट नसते. देवनागरीवर चालतो, पण तुकडे कसे पडतात बघा. 'पाणी'चे: 'पा', मग काना आणि ण मिळून एक, मग 'णी'. मधला तुकडा उच्चारता तरी येतो का? इंडेक्स फुगतो. आणि नॅचरल, म्हणजे नेहमीच्या, मोडमध्ये यातला कुठलाही एक तुकडा जुळला तरी ओळ निकालात येते, म्हणजे पाणी मागितलं की 'पाट'ही आलाच. वापरायचाच तर बूलियन मोडमध्ये, तिथे तुकडे लागोपाठ असावे लागतात. 'उसा' तर मिळेल, पण 'ऊस' टाकून 'उसा' तरीही नाही. सातारी ताईंचं टेबल बरं.

---

गोंयकार | शुक्रवार, रात्री ९:००

आणखी एक पाहून घ्या, यानेही मला रडवलंय. 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' यातला ऱ्य दोन तऱ्हेने टंकला जातो. कुणी ऱ हे वेगळं अक्षर वापरून, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर जुळी भावंडं, सूचीत वेगळे शब्द, आणि काही पार्सर त्या अदृश्य जोडाशी शब्द तोडूनही टाकतात. 'ॲ'चीही तीच गत, कुणाचा एकसंध, कुणाचा अ वर चंद्र. तुमच्याकडे टंकणारे तिघे आहेत, म्हणजे कीबोर्डही बहुधा तीन. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने झेडडब्ल्यूजेचा प्रकार सरळ होत नाही, हाताने बदलावा लागतो. नोंद साठवताना आणि शोध घेताना, दोन्हीकडे तोच बदल करा.

---

रात्रपाळी | रविवार, रात्री १०:३०

आठवड्याचा हिशेब देतो. गोंयकारांचं ऐकून मोजलं: ऱ्यचे दोन्ही प्रकार निघाले. गुरुजींचा एक, बाईंचा दुसरा. साठवतानाच एकसारखे करतोय, जुन्या नोंदी काल रात्री दुरुस्त केल्या. युनियन आहे, टोकन २ आहे, सामान्यरूपांच्या टेबलात आजपर्यंत १४० शब्द. गुरुजी रोज वहीत लिहून आणतात. आज 'तहसीलदार' आणि 'तहशीलदार' यावर त्यांचं आणि दुसऱ्या गुरुजींचं वाजलं, दोन्ही टाकले.

सगळं मिळून शोधाला ०.०८ सेकंद लागतात. बाईंना दाखवलं. त्यांनी 'बारव' टाकलं, सतरा लेख आले. त्यांनी यादी वरून खाली वाचली आणि म्हणाल्या, "१९८१ च्या अंकात अजून एक आहे, तो टंकायचा राहिलाय."

आणि गेल्या कपाटाकडे.